दोन इंजिनं आणि एक हेड

मला राग लवकर येतो, हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. पंगतीत भात थंड वाढला तरी मी बोलून मोकळा होतो, एसटीच्या कंडक्टरनं सुट्ट्यावरून तोंड वाकडं केलं तरी माझा पारा चढतो. पण इथे लिहितो आहे तो राग तसा येऊन गेलेला नाही. चाळीसेक वर्षं झाली, अजून उतरायचं नाव नाही. एखाद्या गॅरेजात टेबलावर उघडं हेड पडलेलं दिसलं की माझी कानशिलं तापतात आणि बरोबरच्या माणसाला वाटतं, याला अचानक काय झालं.

हेड म्हणजे इंजिनाचं झाकण, एवढं समजलं तरी पुरे. खाली सिलेंडर असतात, त्यांच्यावर हे ओतीव लोखंडाचं जड झाकण नटांनी कसून बसवलेलं असतं. मधे गॅस्केट नावाचा पातळ पत्रा. झाकण घट्ट बसलं तर इंजिन चालतं, ढिलं राहिलं तर मरतं. हे समजायला कोणाला शाळेत जावं लागत नाही. घरात रोज भात शिजवणारी कोणतीही बाई हे सांगेल. आमच्या घरातल्या पुरुषांना मात्र ते समजलं नाही, आणि त्या पुरुषांत मीही होतो.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. आमचं गाव अड्याळपासून सायकलनं तासाभराच्या वाटेवर. सहा वर्षं मी दुसऱ्यांचे ट्रक चालवले, मालकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि शेवटी भंडाऱ्याच्या एका ठेकेदाराकडून एक जुना पिकअप घेतला. मूळची ती जीप. मागचा भाग कापून त्यावर सागाच्या फळ्यांचा हौद बसवलेला, एका दाराला कडी नव्हती म्हणून ते तारेनं बांधायचं. पेट्रोलचं इंजिन काढून कोणीतरी चार सिलेंडरचं डिझेल इंजिन टाकलं होतं. आवाज असा, की मी तलावाच्या पाळीवर असलो तरी गावात चहा ठेवायचे. पण गाडी माझी होती. बाजाराच्या दिवशी वांगी, कोंबड्या, मडकी, म्हाताऱ्या बाया, जे येईल ते घेऊन मी अड्याळला जायचो, आणि परत येताना कोणाच्याही बापाला हिशेब द्यायचा नसायचा.

बायकोनं तर पुढचं सगळं ठरवून टाकलं होतं. अड्याळला बाजाराच्या मागे तिनं एक खोली पाहून ठेवली होती. कवेलूचं छत, पुढे हातभर ओटा, अंगणात सामाईक नळ. दिवाळी झाली की तिथं राहायला जायचं. आमच्या घरात बावीस माणसांची एक चूल होती आणि वरणात किती मिरच्या टाकायच्या हेसुद्धा तिला विचारावं लागायचं. लग्नाला चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत तिनं एकदाही स्वतःच्या मनानं काही शिजवलं नव्हतं. त्या खोलीत चूल कुठे मांडायची, धूर कुठून जाईल, हे ती मला बोटानं जमिनीवर रेघा काढून दाखवायची. पिकअप चालू राहिला तर खोली, आणि खोली मिळाली तर तिची चूल. आमचं सगळं त्या एका गाडीवर उभं होतं. त्यात तिला दिवस गेले होते, नवरात्रात पाचवा महिना होता.

आता मोठे बाबांबद्दल सांगतो. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हापासून घर त्यांच्या शब्दावर चालायचं. माणूस लबाड नव्हता, हे मला रागातही कबूल करावं लागतं. त्यांनी कधी कोणाचं चोरलं नाही. ते उघड्यावर घ्यायचे. घरात जे काही आहे ते घरचं, आणि घर म्हणजे मोठे बाबा, असा सरळ हिशेब. माझ्या बायकोच्या माहेरून आलेली पितळी गुंडी त्यांनी गुरांच्या पाण्याला लावली, तेव्हासुद्धा त्यांना आपण काही घेतलं असं वाटलं नाही.

त्या उन्हाळ्यात एका बंद पडलेल्या धानाच्या गिरणीचं सामान विकायला निघालं. त्यात एक डिझेल इंजिन होतं. मोठे बाबांना आमच्या बोडीवर पंप बसवायचा होता. बोडी म्हणजे शेतातला लहान तलाव. पाणी खाली गेलं की ते नालीत आपोआप चढत नाही, उपसावं लागतं. इंजिन पाहायला ते मला घेऊन गेले आणि मी, शहाणा, इंजिनाभोवती एक फेरी मारून म्हणालो की घ्या, हे माझ्या गाडीचंच भावंड आहे, उद्या काही मोडलं तर एकाचं दुसऱ्याला चालेल. माझ्या मनात होतं की त्यांचं मला चालेल. त्यांनी उलट ऐकलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसरं काय म्हणणार.

पंप सुरू झाल्यापासून माझ्या गाडीला गळती लागली. आधी बॅटरी गेली. इंजिन चालू करण्यापुरती नेली आणि मग बोडीवरच राहिली. मला बाजाराला जायचं असलं की मी डोक्यावरून बॅटरी आणायचो आणि परत नेऊन द्यायचो. मग पंख्याचा पट्टा गेला. मी आरडाओरडा केला तेव्हा मोठे बाबा शांतपणे म्हणाले, "अरे, घरचंच हाय न. मी का कोणाच्या बापाचं घेऊन राहिलो?" माझा बाप तर त्यांचाच धाकटा भाऊ होता. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटत गोठ्याकडे गेलो आणि तिथं एका खुंट्याला लाथ मारली. खुंटा हलला नाही, माझाच अंगठा सुजला.

त्या वर्षी हस्त नक्षत्र कोरडं गेलं. धानाचं गणित ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. धान निसवायला लागला की मुळाशी पाणी हवं, नाहीतर लोंब्या बाहेर येतात त्या पोचट. नवरात्र बसलं तरी आभाळ निळं होतं. बोडीवरचा पंप सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालायचा आणि मोठे बाबा स्वतः तिथं खाटेवर बसून असायचे. सप्तमीच्या दुपारी इंजिनाला गार पाणी पुरवणारी नळी निसटली. इंजिन उकळायला लागलं. अशा वेळी इंजिन बंद करायचं, आपण बिडी ओढायची, आणि ते आपोआप थंड होऊ द्यायचं. मोठे बाबांनी बोडीतलं बादलीभर पाणी घेतलं आणि तापलेल्या हेडवर ओतलं. बैलाला घाम आला की त्याच्या अंगावर पाणी टाकतात, तसं. हेड तडकलं.

संध्याकाळी अंगणात बैठक बसली. बैठक म्हणजे मोठे बाबा खाटेवर आणि आम्ही बाकीचे इकडेतिकडे. नवं हेड आणायचं तर नागपूर, आणि दसरा होईपर्यंत तिथलं दुकान उघडं मिळेल की नाही याची खात्री नाही. तोवर धान थांबणार नव्हता. हे सगळं त्यांनी नीट मांडलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "उद्या मिस्त्रीले बोलावून घे. गाडीचं हेड पंपाले लावू. आठ-दहा दिवसांची गोष्ट हाय."

मी ओरडलो. काय काय ओरडलो ते सगळं आठवत नाही, पण बॅटरी आणि पट्टा दोन्ही त्यात होते. मोठे बाबांनी मला पूर्ण ओरडू दिलं. माझा राग असा आहे हे घरात सगळे जाणून होते, तो उतू जाऊन खाली बसतो हेही जाणून होते. शेवटी ते एवढंच म्हणाले की धान तुझाही आहे, तूही तोच भात खाणार आहेस. आणि मी खाली बसलो. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. दहा दिवसांत हेड परत गाडीवर बसेल आणि काम माझ्या देखरेखीखाली होईल, अशा दोन अटी मी घातल्या. त्यांनी दोन्ही इतक्या पटकन मान्य केल्या की मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आत गेलो तर बायको कणीक मळत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं विचारलं, "परत येईन न हेड?" मी म्हणालो, येईल नाही तर काय, माझी गाडी आहे. ती पुन्हा कणकेकडे वळली.

अष्टमीच्या सकाळी अड्याळहून मिस्त्री आला. पन्नाशीचा, बारीक, डोळ्यांवर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. हा माणूस इंजिनाशी कमी बोलायचा आणि माणसांशी त्याहून कमी. आम्ही दोघांनी मिळून माझ्या पिकअपचं हेड उतरवलं. नट एकेक करून मोकळे केले, ज्या क्रमानं काढले त्या क्रमानं गोणपाटावर मांडले, व्हॉल्व्हच्या दांड्या खुणा करून ठेवल्या. हेड उचललं तेव्हा खाली चार सिलेंडर उघडे पडले. मी त्यावर धुतलेलं धोतर अंथरलं, वरून पोतं टाकलं आणि बॉनेट बंद केलं. घरच्या माणसाचा पाय कापून शेजाऱ्याला लावायला द्यावा, असं मला वाटत होतं, आणि हे मी मिस्त्रीला बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, शेजारी नाही, काका आहे.

बोडीवर हेड बसवताना कळलं की भावंडं सारखी असली तरी जुळी नाहीत. दोन्ही इंजिनं एकाच जातीची, पण पंपाचं काही वर्षं आधीचं. सगळे स्टड, म्हणजे ज्यांवर नट चढतात ते दांडे, बरोबर बसले, सगळी भोकं जुळली, फक्त मागच्या कोपऱ्यातलं पाण्याचं एक भोक बोटाच्या पेराएवढं सरकलेलं. मिस्त्रीनं गॅस्केट हातात धरून उन्हाकडे पाहिलं, कानस घेऊन ते भोक थोडं वाढवलं, आणि पुन्हा उन्हाकडे धरून पाहिलं. मग मधल्या नटापासून सुरुवात करून बाहेरच्या नटांकडे, असं तीन फेऱ्यांत त्यानं हेड कसलं. शेवटच्या फेरीला रिंग पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवून आम्ही दोघांनी जोर लावला.

निघताना त्यानं मला बाजूला घेतलं. "भाऊ, हे गॅस्केट त्या कोपऱ्यात कच्चं हाय," तो म्हणाला. "आज चालव. रातभर थंडं होऊ दे. सकाळी चालू कराच्या आधी सारे नट परत कसजो. नाही कसले त हेड वाचत नाही, आताच सांगून ठेवतो." मग तो सायकलवर बसून गेला, कारण दुसऱ्या दिवशी खांडेनवमी होती आणि त्यालाही आपली हत्यारं घासून ठेवायची होती.

दुसऱ्या दिवशी खांडेनवमी आहे हे मलाही माहीत होतं. तरीही माझ्या डोक्यात दोन गोष्टी एकमेकींना भेटल्या नाहीत.

दिवस मावळेपर्यंत पंप उत्तम चालला. नालीतून पाणी धावत होतं, बांध्या, म्हणजे बांध घातलेले धानाचे तुकडे, एकेक करून भरत होत्या, आणि मला, मूर्खाला, थोडा अभिमानही वाटत होता की हे माझं हेड आहे.

नवमीला सकाळी मी पाना घ्यायला गेलो तर पेटी रिकामी. आईनं पहाटेच सगळं उचललं होतं. देवघरासमोर पाट मांडला होता आणि त्यावर नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळे, फावडं, आणि माझे झाडून सगळे पाने. राखेनं आणि चिंचेनं घासलेले, चकाचक. प्रत्येकाला हळदकुंकवाची बोटं, वर झेंडूची फुलं. रिंग पाना सगळ्यात मोठा म्हणून मधोमध. एरवी वर्षभर त्या पान्याला कोणी साधं पुसत नव्हतं आणि आज त्याच्यासमोर निरांजन जळत होतं.

आमच्याकडची रीत अशी, की खांडेनवमीला हत्यार पाटावर बसलं की दसऱ्याची सकाळ उजाडेपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. वर्षभर ते आपल्यासाठी राबतं, एक दिवस त्यानं बसायचं. रीत वाईट नाही. मला आजही ती वाईट वाटत नाही, आणि म्हणूनच जास्त राग येतो. कारण रीत सगळ्यांना सारखी लावली असती तर काही बिघडलंच नसतं. मी सरळ म्हणालो, ठीक आहे, आज पाना बसला तर इंजिनही बसेल, उद्या सकाळी नट कसून चालू करू.

मोठे बाबा तोवर बोडीवर इंजिनाला हार घालून, नारळ फोडून परतले होते. ते म्हणाले, पाणी एक दिवसही थांबवता येणार नाही. मी म्हणालो, मग पाना द्या. त्यावर त्यांनी मला शास्त्र समजावलं. "पाना हत्यार हाय, त्याले आज आराम. इंजिन वाहनात येते. वाहन पुजून चालवाचं असते." म्हणजे ज्याला दहा मिनिटांचं काम होतं त्याला सुट्टी, आणि ज्याचा जीव त्या दहा मिनिटांवर होता त्यानं दिवसभर राबायचं. इतकं सोयीचं शास्त्र मी आयुष्यात ऐकलं नाही. दुसऱ्याकडून पाना मागून आणावा तर त्या दिवशी गावात एकही हत्यार मोकळं नव्हतं, न्हाव्याचा वस्तरासुद्धा पाटावर होता. अड्याळला मिस्त्रीकडे जाऊन तरी काय, त्याचेही पाने पुजलेलेच.

मी देवघराकडे दोन पावलं टाकली. आई मधे येऊन उभी राहिली. ती ओरडली नाही. "सून दिवसात हाय," ती म्हणाली. "आज हत्यार उचलशीन अन् काही झालं त कोणाले तोंड दाखवशीन?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मोठे बाबा ओसरीवर होते. मी पाहिलं सगळ्यांकडे, मग मान खाली घातली आणि बोडीवर गेलो. बटण मीच दाबलं. दुसऱ्या कोणी दाबलं असतं तर मला आज शिव्या द्यायला एक माणूस तरी मिळाला असता.

दुपार होईपर्यंत काही झालं नाही. मी इंजिनाशेजारी उकिडवा बसून त्या मागच्या कोपऱ्याकडे पाहत होतो. जेवायला गेलो नाही. सूर्य डोक्यावर आला तेव्हा तिथं पाण्याचा एक थेंब आला. मग बुडबुडा. मग हेडच्या कडेनं फुस् फुस् असा आवाज सुरू झाला आणि पांढरी वाफ निघायला लागली. मी ओरडलो की बंद करतो. खाटेवरून मोठे बाबा म्हणाले की दोनच बांध्या राहिल्या आहेत, तेवढ्या होऊ दे. मी त्यांना समजावत बसलो. गॅस्केट म्हणजे काय, पाणी सिलेंडरमध्ये गेलं तर काय होतं, हे मी त्या माणसाला समजावत बसलो, आणि बंद करायची दांडी माझ्या हातापासून वीतभर होती. शेवटी मी ती ओढली तेव्हा इंजिनातून असा खणखण आवाज येत होता, की बोडीच्या पलीकडच्या काठावरच्या बाया उभ्या राहून पाहत होत्या.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी सीमोल्लंघन करून आलो आणि घरातल्या मोठ्यांना सोनं द्यायची वेळ आली. मीही आपट्याची पानं घेऊन मोठे बाबांसमोर गेलो. सोनं दिलं, वाकून पाया पडलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून सोन्यासारखा राहा म्हटलं. मी वाकलो होतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर त्यांचे दोन पाय होते आणि मनात असे विचार होते की ते इथे लिहिता येणार नाहीत. पण वाकलो.

मिस्त्रीनं एकादशीला हेड उघडलं. दोन व्हॉल्व्हच्या मधून चीर गेली होती आणि ती थेट त्या कोपऱ्यापर्यंत पोचली होती. त्यानं नखानं ती चीर चाचपली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, कसले होते का? मी नाही म्हणालो. तो हत्यारं गोळा करायला लागला. त्याला का ते सांगावं लागलं नाही, त्याच्या घरीही नवमीला पाट मांडलेला होता.

आता घरात दोन इंजिनं होती आणि हेड एकही नव्हतं. तेलही गेलं, तूपही गेलं. मी नागपूरच्या दुकानात आणि भंगार बाजारात तीन फेऱ्या मारल्या. त्या जातीची हेडं मिळायची ती नव्या धर्तीची, आमच्या इंजिनावर बसतच नव्हती. माझं तडकलेलं हेड वेल्डिंग करून पाहिलं, ते आठ दिवसांत पुन्हा त्याच जागी उकललं. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी पाऊस आला. वरातीमागून घोडं. दोन दिवस असा पडला की बोडी तुडुंब भरली, पाणी नालीत आपोआप चढलं आणि धान उत्तम आला. चार दिवस पंप बंद ठेवला असता तरी चाललं असतं. मोठे बाबा अंगणात उभे राहून म्हणाले की देवानं लाज राखली. त्यांना हेडबद्दल विचारलं तर म्हणाले, घरचंच होतं, बाहेरच्या कोणाचं तर गेलं नाही.

दिवाळी झाली. अड्याळची खोली एका शिंप्यानं घेतली. बायकोला हे मी सांगितलं नाही, ते तिला बाजारात कळलं. माघात मुलगी झाली, ठणठणीत. मी पुन्हा दुसऱ्याच्या ट्रकवर जायला लागलो. पिकअप गोठ्याशेजारी उभा होता, त्याच्या हौदात कोंबड्या अंडी घालायच्या आणि मोठी आई, म्हणजे मोठे बाबांची बायको, बॉनेटवर वड्या वाळत घालायची. मी घरी आलो की ते पाहून भडकायचो. वड्यांवरून मोठ्या आईशी भांडलो, कोंबड्यांवरून आईशी, भात लागला म्हणून बायकोशी. एकदा तिच्या हातातलं ताट उडवलं. वाटणी होऊन आमची वेगळी चूल झाली त्याला पुढे अकरा वर्षं लागली, आणि तोवर तिला ती मांडायची हौस राहिली नव्हती.

त्या दसऱ्यानंतर दोन-तीन वर्षांनी पिकअप भंगारात दिला. भंडाऱ्याहून व्यापारी आला होता. गाडीभोवती फिरून म्हणाला, सांगाडा तर चांगला आहे, मेली कशानं? मग मला काय, निमित्तच हवं होतं. मी सगळी कथा सांगितली. बादलीभर पाणी, पाटावरचा पाना, वाहनाचं शास्त्र, सगळं रंगवून, आवाज चढवून. शेवटी म्हणालो की मी तर कोणाचं ऐकणारा नव्हतो, पण काय करता, बायको दिवसांत होती, तिच्यासाठी हात आवरला. असं मी तोवर बऱ्याच जणांना सांगितलेलं होतं. लोक मान डोलवायचे.

बायको चहा घेऊन आली होती. तिनं व्यापाऱ्याला कप दिला, मला दिला. मग माझ्याकडे पाहून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मायं नाव कायले घेता? मी त उचला म्हणलं होतं."

हे मी वर लिहिलं नाही. मुद्दामच लिहिलं नाही, इतकी वर्षं मी ते स्वतःलाही सांगितलेलं नाही. त्या सकाळी आई मधे उभी राहिली तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली होती, "उचला तुमी. मले काही होत नाही." आईसमोर, मोठे बाबांसमोर, चार वर्षांत पहिल्यांदा ती मोठ्या माणसांत बोलली होती. मी ते नीट ऐकलं होतं. पाना दोन पावलांवर होता. मला ना देवाची भीती वाटली ना तिच्या पोटातल्या जिवाची. मोठे बाबा पाहत होते, एवढंच.

व्यापाऱ्यानं चहा संपवला आणि माणसांना गाडी ढकलायला सांगितलं. ती जागची हलेना, चाकं मातीत रुतली होती. बायकोनं कपबशी ओट्यावर ठेवली, पदर खोचला आणि मागून जोर लावायला गेली.